जुनी थडगी वाचवावीत की नवी नामभिंत बांधावी?

ओळखीतल्या एका मंडळापुढे पेच आहे. मुंबईतल्या एका दफनभूमीच्या कोपऱ्यात महायुद्धाच्या काळातली सैनिकांची थडगी झाडोऱ्यात बुडाली आहेत. वर्गणी मोजकीच. ती थडग्यांच्या दुरुस्तीवर खर्चायची की सगळ्यांची नावं कोरलेली ग्रॅनाइटची भिंत उभारायची?

भिंतीला एकदाच मोठी रक्कम लागते, पुढे फक्त धुणं-पुसणं. थडग्यांचा खर्च थोडाथोडा, पण कायमचा. दर पावसाळ्यानंतर रान माजतंच.

खरी मेख टिकाऊपणात आहे. खाऱ्या हवेत संगमरवर साखरेसारखा भुरभुरतो, बोट फिरवलं की कण हाताला लागतात. आतली लोखंडी खुंटी गंजून फुगते आणि दगड चिरतो. त्यावर सिमेंट थापलं तर ओल आत कोंडते आणि सांध्याऐवजी दगडच झिजतो. चुनाच हवा, आणि चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधावा लागतो. ग्रॅनाइटला यातलं फारसं काही नाही.

पण भिंतीवर उरतं नाव. माणूस नेमका कुठे पुरलाय, घरच्यांनी त्याच्यासाठी कोणती ओळ निवडली, हे थडग्यापाशीच कळतं. माझ्या लेखी याचं मोल फार मोठं आहे.

म्हणून अक्षरं अजून लागत असतील तर थडगीच वाचवा. दगडच हरवले असतील तर भिंत बांधा. पुण्यात खडकीच्या १९१४-१९१८ स्मारकावर सांभाळ न होऊ शकणाऱ्या थडग्यांमधल्या सैनिकांची नावं आहेत. समुद्रात गेलेल्यांना तर थडगंच नाही. मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधलं स्मारक त्यांचंच. काहीही ठरवा, रान काढण्याआधी प्रत्येक दगडाचा फोटो घ्या.