ड्यूसला कोणता स्कोअरबोर्ड टिकतो?

टेबलावर ठेवायचा, रिंगांमध्ये ओवलेली प्लॅस्टिकची पानं उलटायचा स्कोअरबोर्ड 5-3, 8-6 ला कुठलाही चालतो. खरी परीक्षा ड्यूसला.

टेबल टेनिसमध्ये 10-10 झालं की ड्यूस. पंच 'टेन ऑल' पुकारतात, 'ज्यूस' म्हणणारेही कमी नाहीत. इथून दोन गुणांची आघाडी घेईल त्याचा गेम, आकडा कितीही वर जावो. म्हणजे 11-10 ला खेळ चालू, 12-10 ला संपला. स्वस्त बोर्ड नेमका इथेच दगा देतो: पातळ, गुळगुळीत पानं चिकटतात आणि दोन एकदम उलटतात. जाडसर, मॅट पानंच घ्यावीत. ट्यूबलाइटखाली चकाकतही नाहीत.

बाजारात दोन प्रकार दिसतात. एकात 0 ते 31 अशी सलग पानं, गुणाला एक. दुसऱ्यात दशक-एकक वेगळे, 99 पर्यंत. 21 गुणांच्या बॅडमिंटनला पहिला पुरून उरतो: 20-20 नंतर दोनची आघाडी लागते, पण 29-29 ला तिसावा गुण घेणारा जिंकतोच. दुसऱ्या प्रकारात 19 नंतर दोन पानं उलटावी लागतात. घाईत एकच उलटलं तर 10 तरी दिसतात, नाहीतर थेट 29.

सर्व्हिस कुणाची, हे मात्र दोन्ही बोर्ड सांगत नाहीत. टेबल टेनिसमध्ये 10-10 पासून सर्व्हिस दोन-दोनऐवजी एकेक होते आणि भांडणं तिथेच होतात. गेमची पहिली सर्व्हिस ज्याची, त्याच्या बाजूला सुरुवातीलाच कपड्यांचा चिमटा लावावा. ड्यूसमध्ये गुण बरोबरीत असले की सर्व्हिस चिमटेवाल्याची, कुणीतरी एकने पुढे असला की दुसऱ्याची. बॅडमिंटनला ही भानगड नाही. रॅली जिंकेल तो सर्व्हिस करतो.

टेनिससाठी हा बोर्ड घेऊ नये. तिथे ड्यूस 40-40 ला, मग एक गुण घेणाऱ्याला अ‍ॅडव्हान्टेज (म्हणजे आघाडी), त्याने पुढचा गुण गमावला की परत ड्यूस. हे दाखवायला पानंच नाहीत. सेटमध्ये 6-6 गेम झाल्यानंतरच्या टायब्रेकला, जिथे गुण 1, 2, 3 असे मोजतात, तेवढा चालेल.

घेताना दुकानातच 11-10 लावून मागून बघावं. मागेही तेच आकडे हवेत. छपाईचा क्रम चुकला असेल तर मागे 12 दिसतात, आणि त्या बाजूचे प्रेक्षक टाळ्या वाजवून मोकळे होतात.