मसाई मारासाठी मलेरियाची कोणती गोळी?

भाचा दहा दिवस केनियाला, मसाई माराच्या जंगल सफारीला निघालाय. मलेरिया होऊ नये म्हणून डॉक्टरांनी दोन पर्याय दिले, डॉक्सीसायक्लिन किंवा अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, आणि हा अडकला.

गोळ्या मोजू. दोन्ही रोज एक, जायच्या दोन दिवस आधीपासून. परतल्यावर मात्र डॉक्सी 28 दिवस चालू ठेवायची, दुसरी फक्त 7. म्हणजे 40 विरुद्ध 19. तरीही डॉक्सीच बरीच स्वस्त. पण घरी आल्यावर, बॅग रिकामी झाल्यावर, महिनाभर गोळी आठवणीने घेणारे किती? मलेरिया तर परतल्यावरही डोकं वर काढतो.

त्रासाचं म्हणाल तर डॉक्सीने उन्हात कातडी भाजते, आणि उघड्या जीपमध्ये दिवसभर ऊनच. शिवाय ती ग्लासभर पाण्यासोबत घ्यायची, लगेच आडवं व्हायचं नाही. नाहीतर अन्ननलिकेत जळजळ. दुसरी जेवणासोबत किंवा दुधासोबत घेतली की झालं; कधीकधी पोट बिघडतं, एवढंच.

मुक्काम लांबला, खिसा आखडता असला तर डॉक्सी. आठ-दहा दिवसांची सहल, विसराळू माणूस, तर दुसरी. मूत्रपिंडाचा गंभीर विकार असेल तर मात्र ही दुसरी नको. गरोदर बाईने दोन्ही टाळून डॉक्टरांना तिसरं औषध विचारावं. मच्छरदाणी सगळ्यांनाच.

भाच्याला दुसरी घ्यायला सांगितलंय. तो गजरही विसरतो.