आयुष्मान आरोग्य मंदिरातली फुकट कर्करोग तपासणी: साठीच्या पुढे कितपत उपयोगाची?

उपकेंद्राची पाटी बदलून ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ झाली, पण तिथे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी होते हे अनेकांच्या गावीही नसतं. पैसे खरोखरच लागत नाहीत. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरही फुकट आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं मात्र त्या निर्णयात नव्हती, तेव्हा तिथे खिडकीवर आधी विचारून घ्यावं.

सुरुवात आशाताईंच्या फॉर्मपासून होते. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, हालचाल, घराण्यातले आजार यांना गुण दिले जातात आणि बेरीज 4 च्या वर गेली की तपासणीला आधी बोलावतात. कंबर बाईची 90 किंवा पुरुषाची 100 सेंटिमीटरच्या वर असेल, तर तेवढ्यावरच 2 गुण. पहिली गफलत याच फॉर्मवर होते. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की मिश्री लावणारी आजी बिनदिक्कत ‘नाही’ म्हणते. तिच्या लेखी ते दात घासणं असतं. नातवंडांपैकी कुणीतरी शेजारी बसून ‘मिश्री लिहा’ म्हणायला हवं. दुसरं, घराण्याचा प्रश्न बीपी, शुगर आणि हृदयविकाराचा आहे. आईला किंवा बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर ते आपणहून सांगायचं.

तोंडाची तपासणी सगळ्यांत सोपी आणि पैसा वसूल (फुकटात असं म्हणता येत असेल तर). बॅटरीच्या उजेडात गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालचा भाग आणि ओठ उलटून पाहतात. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पुरतं न उघडणं, हे शोधायचं असतं. कवळी काढायला लावली नाही, तर तपासणी झालीच नाही असं समजा. केरळात झालेल्या मोठ्या अभ्यासात अशा नुसत्या पाहणीने तंबाखू-दारूचं व्यसन असलेल्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले होते.

स्तनाची तपासणी हाताने होते, मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) यात नाही. म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाने 20 वर्षं चालवलेल्या अभ्यासात पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले; त्याहून लहान वयात तसा फायदा दिसला नाही. म्हणजे ही तपासणी नेमकी ज्येष्ठ बायकांच्या कामाची. पण त्या अभ्यासात ती दर दोन वर्षांनी होत होती, सरकारी वेळापत्रकात दर पाच वर्षांनी आहे. पाच वर्षं वाट पाहू नका, मध्ये जाऊन मागून घ्या.

सगळ्यांत कच्चा दुवा गर्भाशयमुखाचा. इथे व्हीआयए करतात: 5 टक्के ॲसिटिक ॲसिड लावायचं, एक मिनिट थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं. स्वस्त आहे, निकाल जागेवर मिळतो. पण पाळी गेल्यावर जिथे रोग सुरू होतो तो पट्टा आत सरकतो आणि वरून दिसतच नाही. साठीच्या बाईला ‘काही नाही, घरी जा’ सांगितलं, तर त्याचा अर्थ ‘दिसलं नाही’ एवढाच घ्यावा. या वयात एचपीव्ही (या कर्करोगामागचा विषाणू) शोधणारी चाचणी बरी, आणि तिचा भक्कम पुरावा आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यातला, आजच्या धाराशिवचा आहे. सुमारे 1 लाख 31 हजार बायकांवरच्या, 2009 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. व्हीआयएच्या गटात तशी ठोस घट दिसली नाही. असं असूनही उपकेंद्रावर व्हीआयएच, हे पटत नाही. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र कुठल्याच स्क्रीनिंगच्या रांगेत उभं राहू नका, थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा.

आणखी एक अडचण वयाची. कर्करोगाच्या तिन्ही तपासण्यांची मर्यादा 30 ते 65 वर्षं आहे. सत्तरीचे आजोबा बीपी-शुगरसाठी चालतात, पण तोंड दाखवायचं तर स्वतः आग्रह धरावा लागतो, नाहीतर ग्रामीण रुग्णालयातल्या दंतवैद्याकडे जावं लागतं.

खासगी लॅबचं ‘कॅन्सर पॅकेज’ हा याला पर्याय नव्हे. सीए-125, सीईए असे रक्तातून मोजायचे ट्यूमर मार्कर धडधाकट माणसात कर्करोग शोधण्यासाठी नाहीतच; उगाच वाढलेला एक आकडा सीटी स्कॅनपर्यंत ओढत नेतो. त्याच पैशांत मॅमोग्राफी किंवा एचपीव्ही करा. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत असाल, तर कलम 80डी खाली प्रतिबंधात्मक तपासणीचे 5,000 रुपयांपर्यंत दाखवता येतात, आई-वडिलांच्या तपासणीचेही, आणि रोख दिले तरी चालतं. ही रक्कम 80डीच्या एकूण मर्यादेतच मोजली जाते.

खरा खर्च संशय आल्यावर सुरू होतो: बायोप्सी, सोनोग्राफी, तालुक्याच्या फेऱ्या, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी. सत्तरीपुढच्या सगळ्यांना उत्पन्न न पाहता मिळणारं, आयुष्मान भारत योजनेचं वय वंदना कार्ड 5 लाखांचं आहे खरं, पण ते भरती झाल्यावरच्या उपचारासाठी. भरतीपूर्वीचे फक्त 3 दिवस त्यात धरतात आणि बायोप्सीचा अहवाल बहुधा त्याआधीचाच असतो. म्हणून बायोप्सी खासगीत करून मग कार्ड घेऊन धावण्यापेक्षा उपकेंद्रातून संदर्भ चिठ्ठी लिहून घ्या आणि बायोप्सीही जिल्हा रुग्णालयातच करा.