डोक्यावरचं भिंग: आठ महिने, एक तुटलेली बिजागरी आणि न रंगवलेले ६४० सैनिक

गेल्या महिन्यात लढायांच्या खेळातल्या एका चिमुकल्या फ्रेंच ग्रेनेडिअरच्या शाकोवरचा, म्हणजे उंच लष्करी टोपीवरचा, पितळी बिल्ला रंगवत होतो. श्वास रोखून ब्रशचं टोक टेकवलं, आणि तेवढ्यात डोक्यावरचं भिंग टक्कन आवाज करून खाली आलं. त्याची कड ब्रशच्या दांड्यावर आपटली आणि पितळी रंगाचा फराटा बिल्ल्यापासून थेट मिशीपर्यंत गेला. उजव्या बाजूची बिजागरी तुटली होती. भिंग घेऊन तेव्हा सात महिने झाले होते, आता आठ झालेत. जवळजवळ रोज वापरलंय, म्हणून लिहायला बसलो.

हे डोक्याला पट्ट्याने बांधायचं, काचेच्या भिंगांचं मॉडेल आहे. चार भिंगपट्ट्या, मागे आवळायची फिरकी, पुढे एलईडीचा दिवा. बाकी तपशील मिनिएचर, म्हणजे असे छोटे सैनिक, रंगवणाऱ्या सगळ्यांना पाठ असतात. किमतीचं एवढंच सांगतो की तेवढ्या पैशांत २८ मिमी मापाचे बारा घोडेस्वार आले असते. घ्यायला मी दीड वर्ष लावलं ते त्यामुळेच.

वॉरगेमिंगचा, म्हणजे टेबलावर छोट्या सैनिकांच्या लढाया खेळायचा, नाद मला सोळाव्या वर्षी लागला, आता त्रेसष्टावं चालू आहे. सुरुवात १/७२ मापाच्या प्लॅस्टिकच्या सैनिकांपासून, इनॅमल रंग आणि टर्पेंटाइनच्या वासात. मग धातूचे सैनिक आले, नेपोलियनचा काळ आला आणि मी तिथेच राहिलो. पंचेचाळिशीत सैनिक हातभर लांब धरून बघायला लागलो. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग वयाबरोबर कडक होत जातं, जवळचं बघताना त्याला पुरेसा फुगवटा घेता येत नाही. हे प्रत्येकाचं होतं आणि साधारण साठी-पासष्टीपर्यंत वाढत राहतं. दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोचतो. म्हणजे ज्या दिव्याखाली मी तरुणपणी रात्र रात्र रंगवत होतो, तो दिवा आता तीन ठिकाणी लावायला हवा. भिंग येण्याआधीची तीन वर्षं मी फक्त बेसवर, म्हणजे सैनिकाच्या पायाखालच्या चकतीवर, वाळू आणि गवत चिकटवत होतो. चेहरे दिसतच नव्हते.

आता बिजागरीबद्दल.

भिंगाची पट्टी वर-खाली करायला दोन्ही बाजूंना एकेक प्लॅस्टिकची फिरकी आहे. आत पातळ वॉशर, आणि त्याच्या घर्षणावर सगळं वजन तोललेलं. पहिल्या महिन्यात व्यवस्थित चाललं. दुसऱ्या महिन्यापासून पट्टी हळूहळू उतरायला लागली, दहा मिनिटांत साधारण एक सेंटिमीटर. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण सगळ्यात जोरदार, ३.५ पटीच्या भिंगाला सैनिक डोळ्यासमोर १० सेंटिमीटरवर धरावा लागतो आणि तिथे स्पष्ट दिसणारा पल्ला काही मिलिमीटरचाच असतो. नाक स्पष्ट दिसत असेल तर कान धूसर असतो. अशा वेळी भिंग एक सेंटिमीटर सरकलं की डोकं आपोआप त्याच्या मागे जातं आणि मान पुढे येते. अर्ध्या तासाने मानेच्या मागे कोणी खिळा ठोकल्यासारखं दुखायचं. मी फिरकी आवळत राहिलो. आवळत राहिलो म्हणूनच ती तुटली, असं विकणाऱ्यांचं म्हणणं.

त्यांना अकरा ईमेल लिहिले. पहिलं उत्तर आलं, बिजागरी हा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत बसत नाही. मी विचारलं, मग सुटी बिजागरी विकत द्या. उत्तर आलं, सुटी मिळत नाही, पूर्ण नवं घेतलंत तर थोडी सूट देऊ. चार उत्तम भिंगं, चांगला पट्टा आणि नखाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा, त्यातला तुकडा मोडला म्हणून सगळं टाकून द्यायचं? जो भाग झिजणार हे त्यांनाच माहीत आहे, तो सुटा न ठेवणं मला मान्य नाही. सातव्या ईमेलनंतर माझी भाषा तिखट झाली आणि त्यांची उत्तरं छापील. अकराव्या ईमेलनंतर मी नाद सोडला.

दुरुस्ती स्वतःच केली. प्लॅस्टिकचा मोडका भाग कापून काढला, ३ मिमीचा बोल्ट घातला, दोन्हीकडून एकेक नायलॉनचा वॉशर आणि बाहेरून पंखवाला नट. दुसऱ्या बाजूलाही तेच केलं, कारण तीही कधीतरी जाणारच होती. संध्याकाळ गेली, पण आता पट्टी जिथे ठेवीन तिथे राहते. हा मजकूर मी दुरुस्तीआधी लिहायला घेतला असता तर दोन तारे दिले असते.

घेणाऱ्यांसाठी वापराचं थोडं. डब्यात चार भिंगं असली तरी खरी कामाची एकच निघते, आणि ती सगळ्यात जोरदार नव्हे. मी आधी ३.५ पटीचं लावलं, कारण पैसे दिलेत तर पुरेपूर वसूल करावेत असं वाटलं. १० सेंटिमीटरवर ब्रशचा दांडा कपाळाला लागतो, हात टेकवायला जागा उरत नाही आणि रंग ताटलीतून उचलताना दर वेळी मान वर करावी लागते. २.५ पटीचं २० सेंटिमीटरवर चालतं, चेहऱ्यांसाठी तेवढ्यापुरतं ठीक. रोजचं काम मी १.७५ पटीवर करतो. ते ३५ सेंटिमीटरवर चालतं, पाठ सरळ राहते आणि दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवता येतात. माझ्या उजव्या हाताला आता बारीक कंप आहे. कोपर टेबलावर आणि मनगट मनगटाला, असे दोन आधार मिळाले की कंप ब्रशच्या टोकापर्यंत पोचत नाही.

आतून कोणता चष्मा घालता यावरही बरंच अवलंबून आहे. वाचायच्या चष्म्यावर हे भिंग चढवलं की दोन्हींची ताकद एकत्र होते आणि सैनिक आणखी जवळ धरावा लागतो. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात तर खाली बघितलं की एक अंतर, समोर बघितलं की दुसरं. मी पहिले दोन महिने भिंगाला दोष देत होतो तो खरं तर या चष्म्याचा होता. ड्रॉवरमधला फक्त लांबचा जुना चष्मा काढला आणि सगळं जागेवर आलं.

भिंगासोबतचा दिवा मी काढून ठेवला. निळसर आहे, समोरून पडतो, सावली सगळी मारून टाकतो, त्यामुळे कपड्याच्या चुण्याच कळत नाहीत. टेबलावर डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन दिवे लावा, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वरचे. ब्रशही शून्य-शून्य-शून्य नंबरचा घेऊ नका. त्यावर रंग टिकत नाही, सैनिकापर्यंत जाईस्तोवर वाळतो. चांगल्या टोकाचा १ नंबरचा ब्रश पुरतो.

आता मूळ गोष्ट. भिंग आल्यावर पहिले चार महिने मला पुन्हा पंचविशीत गेल्यासारखं वाटलं. प्रत्येक बटण, प्रत्येक बक्कल, हनुवटीखालच्या पट्ट्यांवरचे पितळी खवले. एका सैनिकाला तीन तास. त्या आनंदात मी एक दिवस कपाट उघडून न रंगवलेले सैनिक मोजले. ६४० निघाले. तीन तासांच्या हिशेबाने १,९२० तास. बायकोच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून स्वयंपाक, औषधं, व्यायाम करून घेणं माझ्याकडे आहे, आणि ते मी कुणाला देणार नाही. दोन दिवस नात असते. छंदाला आठवड्याला चार तास उरतात. १,९२० भागिले चार, म्हणजे ४८० आठवडे. नऊ वर्षांहून जास्त. बहात्तरीपर्यंत मी रोज याच टेबलाशी बसलो तर माझी फौज पूर्ण होणार, आणि खेळणार कधी याचं उत्तर त्या आकड्यात नव्हतं.

त्याच आठवड्यात खेळायला माझा जुना जोडीदार आला. आम्ही एकतीस वर्षं समोरासमोर खेळतोय. सहा बाय चार फुटांचं टेबल मांडलं. भिंगाखाली रंगवलेली नवी बटालियन, चोवीस सैनिक, बहात्तर तासांचं काम, मी मुद्दाम मध्यभागी ठेवली. तिच्या शेजारी माझ्या एकोणिसाव्या वर्षी तीन रंगांत उरकलेली जुनी बटालियन. तिसऱ्या फेरीत त्याने मोजपट्टी लावली आणि विचारलं,

"अरे, यातली तुझी नवी कोणती?"

त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्याला लांबचं माझ्यापेक्षा स्वच्छ दिसतं. मी उभा राहून बघितलं. उभ्या माणसाच्या डोळ्यांपासून टेबलापर्यंतचं अंतर तीन फुटांच्या आसपास असतं. तिथून बटणं नव्हतीच. बक्कल नव्हतं. दिसत होते झेंडे, छातीवरचे पांढरे पट्टे, खांद्यावरचे लाल झुबके आणि बेसचा रंग. दोन्ही बटालियनींचं तेवढंच दिसत होतं. मी चार महिने ३.५ पटीच्या भिंगासाठी रंगवत होतो, टेबलासाठी नव्हे.

त्याने निघताना ६ मिमीचा विचार कर म्हणून सुचवलं. डोळे अधू झाले की मोठ्या मापाकडे जावं असा समज आहे. प्रत्यक्षात उलटं घडतं, लहान सैनिकाला चेहराच नसतो, त्यामुळे तो रंगवावाही लागत नाही. मी एक पाकीट आणून बघितलं. एका संध्याकाळी पूर्ण बटालियन झाली, लांबून सुंदर दिसली. पण हातात उचलल्यावर मला माणूस भेटत नाही. सत्तेचाळीस वर्षं मी २८ आणि २० मिमीच्या माणसांसोबत काढलीत. ते पाकीट त्यालाच देऊन टाकलं.

पद्धत मात्र बदलली. आता आधी काळ्या रंगाचं अस्तर, त्यावर आधी राखाडी आणि मग पांढऱ्याचा कोरडा ब्रश, म्हणजे उंचवटे आपोआप उजळतात. वरून एकेका भागावर काँट्रास्ट रंग, जो खळग्यात गडद बसतो आणि उंचवट्यावर फिका राहतो. गेम्स वर्कशॉप या सैनिक आणि रंग बनवणाऱ्या कंपनीने २०१९ मध्ये हे रंग आणले तेव्हा मी त्यांना आळशांचं काम म्हटलं होतं. ते मत मी मागे घेतो. शेवटी १.७५ पटीचं भिंग खाली ओढून पांढरे पट्टे, चेहरा आणि झेंडा हाताने. एका सैनिकाला पाऊण तास. ६४० सैनिकांचे ४८० तास, म्हणजे १२० आठवडे. दोन वर्षं आणि वर चार महिने. हा आकडा माझ्या आवाक्यात आहे.

मोठं टेबल आता वर्षातून दोनदा. गुडघे टेबलाभोवती दोन दिवस फिरू देत नाहीत, आणि घरातलं टेबल दोन दिवस अडवून ठेवणं बायकोच्या काठीसोबत शक्य नाही. बाकी वेळी डीबीए खेळतो, प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांचा छोटा खेळ. १९९० सालची नियमावली, दोन्ही बाजूंना सैनिक चिकटवलेल्या बारा-बारा पट्ट्या, दोन फूट चौरस पाट, तासाभरात निकाल. नात झोपलेली असताना एक लढाई पूर्ण होते.

भिंगाचा एक उपयोग मी घेताना धरलाच नव्हता. जुन्या धातूच्या सैनिकांत शिसं असायचं, १९९० च्या दशकात बऱ्याच कंपन्यांनी ते काढलं. माझे ऐंशीच्या दशकातले सगळे शिशाचे. ओकच्या लाकडातून आम्लाची वाफ निघते, बंद कपाटात ती साठते आणि शिशावर पांढरी भुकटी चढते. साध्या डोळ्यांना ती धूळ वाटते. २.५ पटीखाली एका हुसारच्या (हलक्या घोडदळातल्या स्वाराच्या) घोड्याच्या पोटाशी, रंगाचा पोपडा उचलून आलेली ती भुकटी मला स्पष्ट दिसली. ती विषारी असते, आणि नात साडेतीन वर्षांची आहे, सगळ्याची चव घेते. त्या रात्री हातमोजे घालून एकशे दहा सैनिक तपासले. एकोणीस खराब निघाले, ते बंद डब्यात वेगळे ठेवले. बाकीचे लाकडी कपाटातून काढून धातूच्या, कुलपाच्या कपाटात गेले. हे काम भिंगाशिवाय माझ्याकडून झालं नसतं, आणि यासाठी त्याची पूर्ण किंमत मी पुन्हा मोजेन.

नातीसाठी प्लॅस्टिकच्या दहा सैनिकांचा वेगळा डबा केलाय. ती त्यांना पाण्याने रंगवते. भिंग तिच्या डोक्याला मोठं होतं, म्हणून मी ते हातात धरतो आणि ती खालून बघते. तिला ३.५ पटीचंच आवडतं.

तर तारे: काचेला पाच, पट्ट्याला चार, बिजागरीला शून्य, विकणाऱ्यांच्या सेवेला शून्य. एकूण चार देतोय, ते ज्याला बोल्ट बदलता येतो त्याच्यासाठी. ज्याला येत नाही त्याने दुसरं मॉडेल बघावं, घेण्याआधी बिजागरी सुटी मिळते का हे लेखी विचारावं आणि फिरकी मुळीच जोरात आवळू नये.

६४० पैकी आता ६१२ राहिलेत. सहा ओल्ड गार्ड, म्हणजे नेपोलियनच्या निवडक तुकडीतले सैनिक, मी बाजूला ठेवलेत, ते जुन्या पद्धतीने, तीन-तीन तास घेऊन, बटणांसकट रंगवणार आहे. पहिल्याचं अस्वलाच्या कातडीचं टोप झालंय. पंखवाला नट दर रविवारी पाव फेरा आवळावा लागतो.