बाळाच्या वरणभातासाठी पुरणयंत्र: काय जमतं, काय जमत नाही

पुरणयंत्र होळीला आणि पोळ्याला माळ्यावरून उतरतं आणि पुन्हा वर जातं. घरात सहा महिन्यांचं बाळ असेल, तर पुढचे तीन-चार महिने ते ओट्यावरच राहू द्यावं. इथे लिहितोय ते पातेल्याच्या काठावर बसणाऱ्या, दांडा फिरवायच्या स्टीलच्या यंत्राबद्दल. पुरणाला एक चकती पुरते. बाळासाठी मात्र बारीक, मध्यम आणि जाड अशा तिन्ही चकत्या असलेलंच घ्या.

मिक्सर असताना हे कशाला, तर पाण्यासाठी. मूठभर मऊ भात मिक्सरच्या भांड्यात टाकला की तो कडेला जाऊन चिकटतो आणि पातं नुसतंच फिरतं. मग अर्धी वाटी पाणी जातं आणि वाटीत उरते ती पेज. बाळाचं पोट लहान. पहिल्या महिन्यांत ते दर वेळी दोन-चार चमचे, फार तर अर्धी वाटी खाणार, त्यात पाणीच जास्त असेल तर पोट भरतं आणि अंगाला काही लागत नाही. चमचा तिरका केला तरी घास लगेच ओघळू नये, इतका घट्टपणा हवा. यंत्रातून घट्ट भात पाण्याशिवाय उतरतो. बटाटा आणि रताळ्यात तर फरक लगेच दिसतो: मिक्सरचं पातं शिजलेला स्टार्च फोडतं आणि खळीसारखा चिकट गोळा होतो, यंत्रातून तोच बटाटा मोकळा, भुसभुशीत पडतो.

मूगडाळीच्या खिचडीचं माप असं. ४ मोठे चमचे तांदूळ, २ मोठे चमचे मूगडाळ, धुऊन २० मिनिटं भिजत. त्यात अडीच वाट्या पाणी, चिमूटभर हळद आणि लाल भोपळ्याच्या दोन फोडी. कुकरमध्ये एक शिट्टी झाली की आच बारीक करून १० मिनिटं, मग वाफ आपोआप जिरू द्यायची. झाकण निघालं की गरम असतानाच यंत्रात घाला. सगळा मुद्दा इथे आहे. खिचडी निवली की भात आळतो, चकतीवर थापला जातो, दांडा जड होतो आणि मग पुन्हा पाणी घालायचा मोह होतो. अडकलंच तर दांडा दोन फेरे उलटा फिरवा. पातं तळाला थापलेलं खरवडून वर आणतं. चकतीच्या खालच्या बाजूला लोंबणारा भाग चमच्याने काढून घ्या, बराचसा तिथेच असतो. वाटीत वाढल्यावर अर्धा लहान चमचा साजूक तूप. वर्षाच्या आत मीठ, साखर, गूळ नको, आणि मध तर अजिबात नको. त्यातून बोट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो.

सालींच्या बाबतीत या यंत्राला तोड नाही. मटार, मोड आलेले मूग, वाफवलेलं सफरचंद, टोमॅटो: गर खाली, साल वर. मूग ८ तास भिजवून, मोड आणून, चांगले गाळ शिजवा. अर्धवट शिजलेला दाणा चकतीवर नुसता घरंगळतो. डाळीबरोबर टोमॅटोचा गर किंवा वरून लिंबाचे दोन थेंब दिले, तर डाळीतलं लोह अंगी जास्त लागतं. सहा महिन्यांनंतर लोह अन्नातूनच मिळवावं लागतं, म्हणून हे सोडू नये.

पालक मात्र यंत्राला आवडत नाही. देठांचे धागे पात्याला गुंडाळतात, तेव्हा देठ काढून पानं बारीक चिरून शिजवा. चिकू, सीताफळाच्या बिया हातानेच काढा, चाळण आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मांस-मासळीला हे साधन नव्हे. नाचणीसत्त्वाचा मार्गही वेगळा: नाचणी रात्रभर भिजवून फडक्यात मोड आणायचे, पाण्याबरोबर वाटून पातळ कापडातून गाळायचं. त्याला मिक्सर किंवा पाटाच. आणि एकाच वेळची अर्धी वाटी करायची असेल तर यंत्र काढूच नका. चकतीला आणि पात्याला मिळून दोन चमचे तरी चिकटून राहतात. तेवढ्याला स्टीलची गाळणी आणि वाटीचा तळ बरा.

विकत घेताना पातं चकतीला सगळीकडून टेकतं का, ते दुकानातच फिरवून पाहा. फट राहिली तर यंत्र दाबत नाही, ढवळतं. खालची स्प्रिंग स्टीलची आहे ना, हेही विचारा. भांडं स्टीलचं आणि स्प्रिंग साध्या लोखंडाची, असा प्रकार मिळतो, आणि गंज पहिला तिथेच चढतो. आजीच्या पितळी यंत्राची कल्हई उडालेली असेल तर त्यात टोमॅटो नको. परदेशात राहणाऱ्यांना हेच ‘फूड मिल’ नावाने मिळेल. फ्रान्समध्ये ज्यां मांतले यांनी १९३२ साली पेटंट घेतलेलं यंत्र याच घडणीचं होतं.

सगळ्यात मोठी चूक यंत्राची नसून आपली असते: बाळ छान गिळतंय म्हणून बारीक चकतीच चालू ठेवणं. सातव्या महिन्यात बारीक, आठव्यात मध्यम, नवव्यात जाड, आणि त्यानंतर यंत्र बाजूला ठेवून हाताने कुस्करलेलं. बाळाने तोंड वाकडं केलं तर निम्मं बारीक, निम्मं जाड मिसळा आणि चार दिवसांनी प्रमाण बदला. दहाव्या महिन्यापर्यंत गुठळ्या तोंडात गेल्याच नाहीत, तर पुढे चावून खायला लावणं अवघड जातं.

धुण्याचा कंटाळा हाच याचा खरा दोष. जेवण भरवण्याआधी सगळे भाग सुटे करून पाण्यात बुडवा. भाताचा स्टार्च वाळला की बारीक भोकं सिमेंटसारखी बुजतात. ब्रश चकतीच्या खालच्या बाजूने मारा, मग उकळतं पाणी ओता, आणि स्प्रिंग पुसून कोरडी झाल्यावरच यंत्र जोडा.