स्मार्ट: गस्तीचं अ‍ॅप, वनरक्षकाच्या बाजूने पाहताना

वनरक्षकांना गस्तीच्या नोंदी करायला शिकवणं हे माझं काम. त्यामुळे ‘स्मार्ट’ या गस्तीच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीबद्दल मला नेहमी विचारणा होते. घ्यावं का, झेपेल का, खरंच उपयोग होतो का? घ्यावं, असंच मी सांगते. मात्र फोन वाटण्याआधी एक गोष्ट ठरवा: त्या नोंदी वाचणार कोण?

वन्यजीव संवर्धनातल्या काही संस्थांनी 2011 मध्ये एकत्र येऊन ‘स्मार्ट’चं काम हाती घेतलं. प्रणाली फुकट मिळते आणि आज शंभराहून अधिक देशांत वापरली जाते. तिचे तीन भाग आहेत. वनरक्षकाच्या हातात मोबाइल अ‍ॅप, कार्यालयात संगणकावरचा मुख्य प्रोग्राम, आणि दोन्हींना इंटरनेटवरून जोडणारं ‘कनेक्ट’. ‘कनेक्ट’ नसलं तरी काम अडत नाही. जंगलात रेंज नसतेच. नोंदी फोनमध्ये साठतात आणि परतल्यावर उतरवून घेता येतात.

मला सगळ्यात आवडतं ते मोबाइल अ‍ॅप. त्याच्यामागे ‘सायबरट्रॅकर’ या नोंदी करण्याच्या सॉफ्टवेअरची परंपरा आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या लुई लीबेनबर्ग यांनी माग काढणाऱ्या जाणत्यांसाठी ते घडवलं. त्यातल्या कित्येकांना लिहितावाचता येत नव्हतं, पण पावलाचा ठसा पाहून जनावर कधी गेलं हे ते सांगू शकत. त्यांच्यासाठी पडद्यावर चित्रं आली. चित्रावर बोट ठेवलं की नोंद झाली आणि जीपीएसने जागा टिपली. अनुभवी माणसाचं ज्ञान त्याच्या अक्षरावाचून अडू नये, हा विचार आजही या अ‍ॅपमध्ये दिसतो.

काय नोंदवायचं याची यादी आपली आपण बनवता येते. इथेच बहुतेक जण घाई करतात. शास्त्रज्ञाला झाडांची माहिती हवी, अधिकाऱ्याला अतिक्रमणाची, कोणाला पक्ष्यांची. यादी फुगते आणि भर पावसात ओल्या बोटांनी पाच पडदे ओलांडावे लागतात. एका ज्येष्ठ वनरक्षकांनी मला एवढंच सांगितलं, “ताई, तारेचा फास पहिल्या पानावर आणा. तो सापडल्यावर आधी काढायचा असतो, शोधत बसायला वेळ नसतो.” आम्ही यादी निर्दयपणे कापली. शिकारीसाठी लावलेला फास, गोळीचं रिकामं काडतूस, मेलेलं जनावर, ठसा, विष्ठा, पाणवठ्याची स्थिती, भेटलेली माणसं. नोंदी लगेच सुधारल्या.

संगणकावरचा भाग मात्र जड आहे. तो शिकायला चिकाटी लागते, आणि प्रशिक्षित माणसाची बदली झाली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. पण त्याची खरी ताकदही तिथेच आहे, कारण तो सापडलेल्या गोष्टींबरोबर चाललेलं अंतरही मोजतो. समजा मागच्या महिन्यात दहा फास सापडले आणि या महिन्यात तीस. शिकार तिप्पट झाली? मागच्या महिन्यात गस्त 100 किलोमीटर झाली असेल आणि या महिन्यात 300, तर दर किलोमीटरमागे फास तेवढेच आहेत. वाढली ती वनरक्षकांची मेहनत. हा हिशोब नसेल तर जास्त चालणाऱ्या तुकडीच्याच भागात जास्त गुन्हे दिसतात आणि बोलणीही तिलाच खावी लागतात. नकाशावरच्या रिकाम्या चौकोनांचंही तसंच. तिथे काही घडलं नाही असा त्याचा अर्थ नसतो. बहुतेक वेळा तिथे कोणी पोचलेलंच नसतं.

संगणकशास्त्रज्ञ मिलिंद तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली ‘पॉज’ ही प्रणाली अशाच जुन्या नोंदींवरून पुढे फास कुठे लागण्याची शक्यता आहे याचा अंदाज देते. युगांडा आणि कंबोडियातल्या जंगलांत तिच्या चाचण्या झाल्या आहेत. नोंदी प्रामाणिक नसतील तर असा अंदाजही फसवाच ठरणार.

आणि नोंदी बिघडतात त्या वरच्या दबावाने. एखाद्या कार्यालयाने फक्त किलोमीटरवर शाबासकी द्यायला सुरुवात केली, की माणसं सोप्या रस्त्यांवर चालू लागतात. काटेरी नाला, चढण, दाट झाडोरा मागे पडतो. आकडा वाढतो आणि फास तिथेच राहतात. अ‍ॅपचा उपयोग फक्त पाळत ठेवायला होतो, तिथे मी उघड विरोध करते. त्याच नोंदींतून वनरक्षक किती तास बाहेर होता, किती रात्री गस्तीवर होता, हेही दिसतं. जादा कामाचा मोबदला, विश्रांती, बूट, प्रथमोपचार पेटी यांची मागणी करताना हा त्याच्या हातातला पुरावा आहे, आणि तो त्याला मिळालाच पाहिजे.

हे मी एवढं ठासून सांगते, कारण 2022 च्या एका अभ्यासानुसार जगात सुमारे 2,86,000 वनरक्षक आहेत आणि 2030 पर्यंत 30 टक्के भूभाग नीट राखायचा तर सुमारे 15 लाख लागतील. एवढी माणसं या कामात यायची आणि टिकायची, तर त्याला रीतसर व्यवसायाचा दर्जा हवा: प्रशिक्षण, विमा, बढती, आणि वर्तनाचे नियमही. आंतरराष्ट्रीय वनरक्षक महासंघाने 2021 मध्ये आचारसंहिता दिली आहे. जंगलात भेटलेल्या माणसाशी वनरक्षक कसा बोलला, हे फोनने टिपलेल्या कुठल्याही वाटेवरून कळत नाही. त्यासाठी ही संहिताच शिकवावी लागते, आणि मी दोन्ही एकत्र शिकवते.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी एकाच तुकडीपासून सुरुवात करावी. प्रत्येक फोनबरोबर पॉवर बँक आणि पाण्यापासून वाचवणारी पिशवी द्यावी. दुर्मीळ प्राण्यांच्या जागा कोणाला दिसाव्यात हे पहिल्याच दिवशी ठरवावं; त्यासाठी प्रत्येकाला वेगवेगळे अधिकार देण्याची सोय आहे. दर महिन्याला तयार झालेला नकाशा भिंतीवर लावून, चालून आलेल्यांनाच आधी बोलू द्यावं. “एवढं नोंदवतो, ते वाचतं कोण?” हा प्रश्न मी फार वेळा ऐकला आहे. पुढच्या महिन्याची गस्त कुठे न्यायची हे त्याच बैठकीत, त्यांच्याच तोंडून ठरावं. आणि ही बैठक कामाच्या वेळेत घ्यावी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी नव्हे.