गिअरबॉक्स उतरवलाच नव्हता

गाडी वॉरंटीत, फारशी पळालेलीही नाही, आणि इंजिनाखाली तेलाचे डाग पडायला लागले. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या माणसाने गाडी लिफ्टवर चढवली आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यावर टॉर्च मारून ओल दाखवली. "क्रँकचा मागचा ऑइल सील गेलाय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. आणि सील वॉरंटीत येत नाही हं, झिजणारा भाग आहे." सगळं एका दमात. (हा सील म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारं कडं.) पुस्तिकेतल्या वगळलेल्या भागांत ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर होते, ऑइल सीलचा उल्लेखही नव्हता. तसं म्हटल्यावर "तेल संपून इंजिन जाम झालं तर आम्हाला बोलू नका" हे उत्तर मिळालं. घरात गाडी एकच. पैसे भरले. सीलची किंमत किरकोळ, बिल फुगलं ते मजुरीने.

गाडी खालून चकाचक होऊन आली. थोडे दिवस बरे गेले आणि पुन्हा डाग. आता म्हणे इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरचं पॅकिंग बदलू.

तिथून गाडी काढली आणि बाहेरच्या एका जुन्या मेकॅनिककडे नेली. त्याने आधी इंजिन धुऊन कोरडं केलं, बराच वेळ चालू ठेवलं आणि वरून बघायला सुरुवात केली. इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून तेलाचा बारीक ओघळ ब्लॉकवरून थेट त्याच सांध्यावर उतरत होता. तेल खाली वाहतं, धावत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकतं, त्यामुळे जिथे ओलं दिसतं तिथूनच गळतंय असं नसतं. या कव्हरचं पॅकिंग इतक्या लवकर का गेलं, तेही कळलं: इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला होता. आतला दाब वाढला की तेल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. नुसतं पॅकिंग बदललं असतं तर तेही टिकलं नसतं.

मग त्याने गिअरबॉक्सचे बोल्ट दाखवले. खाचांत वाळलेला चिखल तसाच. कारखान्यात बोल्टवरून केसिंगवर ओढलेली रंगाची रेघ अखंड, कुठे पाना लागल्याची खूण नाही. म्हणजे खालून धुतलं आणि बिल फाडलं, बस्स.

म्हणून मोठं काम सांगितलं की आधी इंजिन पुसून गळती कुठून होतेय ते डोळ्यांदेखत दाखवा म्हणा. 'जुना भाग ग्राहकाला परत' हे काम सुरू होण्याआधी जॉब कार्डवर लिहून घ्या, नंतर मागून मिळत नाही. आणि बोल्टचे फोटो गाडी वर्कशॉपमध्ये सोडण्यापूर्वीच काढा.

आम्हाला सांगितलं, जुना सील भंगारात गेला. फोटो, बिल आणि जॉब कार्ड जोडून गाडीच्या कंपनीकडे लेखी तक्रार केली, तेव्हा कुठे मजुरी परत आली, 'सदिच्छा म्हणून'. सीलचे पैसे मात्र दिले नाहीत. तो बसवलेला आहे म्हणे.